दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळीच: पावसाळ्यात न उठणाऱ्या जुन्या लॅपटॉपची तपासणी

लक्षणं अशी. बटण दाबलं की पॉवरचा दिवा लागतो, पंखा घुर्र करून फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा एकदा किंवा ठरावीक वेळा लुकलुकतो. स्क्रीन मात्र काळी. कंपनीचं चिन्हसुद्धा येत नाही. काही लॅपटॉप दोन-तीन सेकंदांत आपोआप बंद होतात, परत चालू होतात, परत बंद. काही बीप-बीप करत राहतात. आणखी एक प्रकार आमच्याकडे नेहमीचा: आठवडाभर झड लागलेली असताना लॅपटॉप ढिम्म हलत नाही, आणि दोन दिवस कडक ऊन पडलं की काहीही न करता सुरू होतो.

गोव्यातल्या डिचोलीत माझ्या टेबलावर जून ते सप्टेंबर येणाऱ्या जुन्या लॅपटॉपांत ही तक्रार सगळ्यांत जास्त. गिऱ्हाईक सांगतं, "लायट येता, पूण कितेंच दिसना." तोवर कुणीतरी "मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या" असं सांगून मोकळं झालेलं असतं. ही लक्षणं असताना मदरबोर्ड हा माझ्या यादीतला शेवटचा संशयित आहे. बहुतेक वेळा दोष रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती धरणाऱ्या छोट्या पट्टीच्या, संपर्कात असतो, आणि तो काढायला खोडरबर पुरतं. म्हणून खालचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे लावला आहे. तो मोडू नका. मधली पायरी गाळून थेट तळाचं झाकण उघडलं की साधा दोष हाताशी असूनही दिसत नाही.

दिवाच लागत नसेल, तर ती वेगळी तक्रार. मे महिन्याच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात विजा कडाडून गेल्यावर लॅपटॉप एकदम गप्प झाला असेल तर अडॅप्टर किंवा बोर्डावरचा पॉवरचा भाग गेलेला असू शकतो. लॅपटॉपला नेटची केबल जोडलेली असेल तर विजेचा झटका तिच्यातूनही येतो. तशा वेळी खालचं अडॅप्टर तपासणं तेवढं करा आणि पुढे कारागिराकडे न्या. चालू होऊन दहा-पंधरा मिनिटांनी तापून बंद पडणारा लॅपटॉपही या यादीत बसत नाही. तिथे पंखा आणि धूळ बघायची.

सगळं काढा, मग बटण दाबा

माऊस, पेनड्राइव्ह, प्रिंटरची वायर, मेमरी कार्ड, डोंगल, जे जोडलं असेल ते काढा. यूएसबीवरची एखादी वस्तू आतून शॉर्ट झालेली असली तर तिच्यामुळे पूर्ण बोर्ड अडून बसतो. कधी लॅपटॉप पेनड्राइव्हवरूनच सुरू व्हायला बघतो आणि तिथेच थांबतो. एक्स्टेन्शन बोर्डही बाजूला ठेवा आणि अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटात लावा. जुन्या घरांत सॉकेटच्या पट्ट्या सैल झालेल्या असतात. अडॅप्टरचा दिवा लागलेला दिसतो, पण लॅपटॉपने जोर मागितला की वीज तुटते.

साठलेली वीज काढून टाका

अडॅप्टर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण सलग तीस सेकंद दाबून धरा. सोडा, फक्त अडॅप्टर लावा आणि चालू करून बघा. वीज वारंवार ये-जा करते तेव्हा बोर्डावरचा पॉवर सांभाळणारा छोटा कंट्रोलर अर्धवट अवस्थेत अडकतो. त्याला पूर्ण उपाशी ठेवलं की तो पहिल्यापासून सुरुवात करतो. बॅटरी आत असेल तरीही बटण तीस सेकंद दाबाच. काही मॉडेलांच्या तळाशी टाचणी घालायचं बारीक भोक असतं, ते याच कामासाठी. मात्र जवळच मायक्रोफोनचं भोक नाही ना, हे नीट बघून मगच टाचणी लावा.

लॅपटॉप बंद आहे की फक्त स्क्रीन?

ही तपासणी फुकट आहे आणि तिच्यावर पुढचा सगळा निर्णय ठरतो. खोलीत अंधार करा, लॅपटॉप चालू करून मिनिटभर थांबा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारा. अंधुक चिन्हं, खिडकी किंवा अक्षरं दिसली तर लॅपटॉप जिवंत आहे, फक्त स्क्रीनमागचा उजेड गेला आहे. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआयची केबल घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर विंडोज उघडलेलं दिसलं तर मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं ठीक आहे आणि तुमच्या फाइली सुरक्षित आहेत. त्याच बैठकीत त्यांची प्रत काढून घ्या.

टीव्हीवर चित्र येतं आणि स्क्रीनवर नाही, अशा वेळी झाकण हळूहळू पुढेमागे करून बघा. एखाद्या कोनात चित्र येऊन जात असेल तर बिजागरीतून जाणारी केबल आतून तुटत आली आहे. रोज उघडझाप होणाऱ्या जुन्या लॅपटॉपात हे व्हायचंच, आणि केबल स्क्रीनपेक्षा बरीच स्वस्त पडते. शिवाय झाकण मिटल्याचं ओळखणारा चुंबकी सेन्सर असतो. मोबाईलचं चुंबकाचं पाकीट लॅपटॉपच्या कडेला ठेवलेलं असलं तरी स्क्रीन विझते. एवढ्याशा कारणाने दुकानापर्यंत आलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत.

टीव्हीवरही काही नाही? मग पुढे.

अडॅप्टर

मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि घरात असावाच. तो डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनच्या आतल्या भागाला आणि काळं बाहेरच्या गोलाला लावा. अडॅप्टरवर छापलेला आकडा बघा: मॉडेलप्रमाणे १८.५, १९, १९.५ किंवा २० व्होल्ट. मीटरवर तो आकडा किंवा त्याहून किंचित जास्त यायला हवा. आकडा नाचत असेल, किंवा वायर वाकवली की शून्यावर जात असेल, तर वायर पिनच्या मुळाशी तुटली आहे. काही डेल आणि एचपी अडॅप्टरांना मध्ये एक बारीक तिसरी पिन असते. तिच्यावरून लॅपटॉप अडॅप्टर ओळखतो. ती वाकली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. तिथे घाईने नवी बॅटरी घेऊ नका.

टाइप-सी अडॅप्टर असेल तर मीटर उपयोगाचा नाही. तो लॅपटॉपशी बोलल्याशिवाय पूर्ण व्होल्टेज सोडतच नाही, त्यामुळे चांगला असूनही मेलेला वाटतो. त्याला दुसऱ्या चालू लॅपटॉपवर लावून बघणं हाच सोपा मार्ग.

तळाचं झाकण उघडण्याआधी

अडॅप्टर काढलेला हवा, लॅपटॉप पूर्ण बंद हवा. उघडल्यावर आतली बॅटरी दिसली की सर्वांत आधी तिचा कनेक्टर बोर्डावरून सोडवायचा. ती जागची सुटायच्या आत रॅमला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची. अलीकडच्या विंडोजमध्ये डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसची (लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग बदलली किंवा पुसली गेली की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलपाची किल्ली, मागतं. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. मोबाईलवरून खात्यात शिरा, ती कागदावर उतरवा, मगच पुढे जा. की नसेल तर उत्तम कारागीरही त्या फाइली परत देऊ शकत नाही.

रॅम: खरी गोम इथे आहे

लॅपटॉप चालू होताना पडद्यावर काही दाखवण्याआधी रॅम तपासतो. ती सापडली नाही तर चित्र काढायलाच जागा नसते. म्हणून चिन्ह नाही, संदेश नाही, फक्त दिवा आणि पंखा. दोष सांगायला त्याच्याकडे उरतात ते बीप आणि कॅप्स लॉकचं लुकलुकणं. किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत बघा. बऱ्याच मॉडेलांत रॅमसाठी वेगळी संख्या ठरलेली असते.

आता आमच्या हवेचा भाग. पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही. कळंगुट, मोरजीकडच्या घरांत वर खारा वाराही असतो. रॅमच्या पट्टीवरचे संपर्क सोन्याचा मुलामा दिलेले असतात, ते स्वतः गंजत नाहीत. पण मुलामा अतिशय पातळ, आणि त्यावर धूळ, बोटांचं तेल आणि ओल यांचा थर बसतो. स्लॉटातल्या स्प्रिंगसारख्या पिनांवरही तसाच. थर एवढासा असला तरी संपर्क तुटायला पुरतो. ऊन पडलं की ओल उडते, संपर्क जेमतेम जुळतो, लॅपटॉप सुरू होतो. उन्हाने बरा होणारा लॅपटॉप म्हणजे रॅमचा दोष, असं मी जवळजवळ न उघडता सांगतो.

मे महिन्यात कपाटात ठेवून जुलैत काढलेल्या लॅपटॉपची रॅम उजेडात धरून बघा. चांगले संपर्क पिवळे आणि चकचकीत दिसतात. इथे त्यांच्यावर दुधट झाक असते, आणि स्लॉटात जिथे पिना टेकत होत्या तिथे प्रत्येक संपर्कावर एक बारीक काळपट रेघ. कधी स्लॉटात मुंग्यांची अंडी निघतात. उबेला मुंग्या हमखास येतात.

काढायची कशी: दोन्ही बाजूंचे पत्र्याचे चिमटे अलगद बाहेर सारले की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. कडेला धरून ओढा. पांढरं मऊ पेन्सिलचं खोडरबर घ्या आणि संपर्कांवर एकाच दिशेने, कडेकडे, हलके हात फिरवा. दोन्ही बाजूंनी. शाईचं खरखरीत खोडरबर नको, पॉलिश पेपर तर मुळीच नको, मुलामा निघून जाईल आणि मग खालचा धातू खरोखर गंजेल. खोडरबराचा भुगा झटकून टाका आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कपड्याने पुसा. स्लॉटात मऊ ब्रश फिरवा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. पट्टी परत तिरकी घाला, तळापर्यंत सारा, मग खाली दाबा. दोन्ही चिमट्यांचा "टक" आवाज यायला हवा. एकच आवाज आला तर ती बसलेली नाही.

दोन पट्ट्या असतील तर आधी एकच घालून बघा, मग तीच दुसऱ्या स्लॉटात, मग दुसरी पट्टी. असं फिरवल्यावरच पट्टी खराब आहे की स्लॉट, हे कळतं. बॅटरीचा कनेक्टर प्रत्येक वेळी सोडवायचा, हे पुन्हा सांगतो. नव्या लॅपटॉपांत रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चित्र यायला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतो, लगेच बंद करू नका.

इथे जुन्या सामानाची किंमत कळते. रॅम चांगली आहे की नाही हे ठरवायला सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे चालणारी दुसरी रॅम, आणि ती बहुधा घरातल्याच एखाद्या फुटक्या स्क्रीनच्या लॅपटॉपात पडून असते. मोडलेला लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्याची रॅम, डिस्क, अडॅप्टर आणि स्क्रू काढून डब्यात ठेवा. माझ्याकडचे कितीतरी लॅपटॉप अशा डब्यातल्या सामानावर चालू झाले आहेत. एक काळजी घ्या: डीडीआर३ आणि डीडीआर३एल या पट्ट्या दिसायला सारख्या, पण पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टवर चालणारी. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपात १.५ व्होल्टची पट्टी घातली की स्क्रीन काळीच राहते, आणि माणूस चांगल्या मदरबोर्डाला दोष देतो. पट्टीवरच्या लेबलात "एल" आहे का ते वाचा. रॅम बोर्डावर डाखलेली (सोल्डर केलेली) असेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाही.

नाण्याएवढी बॅटरी, आणि बाकीचं सामान

आत सीआर२०३२ नावाची छोटी बॅटरी असते, कधी काळ्या वेष्टनात दोन वायरींसह. घड्याळ आणि बायोसची सेटिंग तीच जपते. लॅपटॉप चालू असतानाच्या दिवसांत तारीख मागे जात होती का, ते आठवा. मीटरवर नवी बॅटरी ३ व्होल्ट किंवा वर दाखवते. अडीचच्या खाली असेल तर बदला. काही लॅपटॉप ती संपली की उठायलाच नकार देतात. तिची किंमत किरकोळ आहे, पण ती काढली की सेटिंग पुसली जाते, म्हणून बिटलॉकरची की आधी हाताशी हवी.

मग डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, वायफायचं कार्ड एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी चालू करून बघा. यांतला एखादा भाग शॉर्ट असेल तर तो निघाल्याबरोबर कंपनीचं चिन्ह येतं. काढलेली डिस्क यूएसबीच्या खोक्यात घालून दुसऱ्या संगणकाला लावता येते, म्हणजे लॅपटॉप नाहीच उठला तरी फाइली हाती लागतात.

एवढी मेहनत का घ्यायची

"जुना आहे, सोडून द्या" हे मला पटत नाही, आणि त्याची कारणं रोज समोर येतात. साखळी शहराच्या बाजूच्या एका नाट्यमंडळाचा लॅपटॉप असाच काळ्या स्क्रीनसह आला. जत्रेला बसवलेल्या मराठी नाटकांच्या वर्षानुवर्षांच्या संहिता त्यात होत्या, जुन्या श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेल्या. त्यांनी काही फाइली आधीच पेनड्राइव्हवर घेऊन नव्या लॅपटॉपवर उघडून बघितल्या होत्या, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता काला. अक्षरं फाइलीत होती, पण वाचायला तो फॉन्ट हवा, आणि तो जुन्या यंत्रावरच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला. रॅम साफ केली, लॅपटॉप उठला, आणि त्यांनी सर्वांत आधी सगळ्या संहितांच्या पीडीएफ काढून घेतल्या. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, उतरवण्याचं काम त्यानंतर त्याच लॅपटॉपवर सुरू झालं. मंदिरांचे जमाखर्च, भजनीमंडळांच्या वह्या, शिक्षकांचे प्रश्नसंच, गोव्यात मराठीतलं किती काम अशा फॉन्टांत अडकलेलं आहे! नवं यंत्र आणून ते वाचता येत नाही.

विंडोज १० ची सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही. त्यामुळे चांगले चालणारे लॅपटॉप लोक निकामी समजू लागले आहेत. तसा लॅपटॉप हातात असेल तर फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) घाला, रॅम आठ जीबी करा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाका. टाइपिंग, इंटरनेट, मुलांचे ऑनलाइन वर्ग, बँकेचं काम, सगळं होतं. श्रीलिपीचं जुनं विंडोज वेगळ्या डिस्कवर, नेटला न जोडता ठेवा. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बनपैकी मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. तेव्हा चार वर्षं जास्त वापरणं ही खरी बचत आहे.

इथे थांबा

बॅटरी फुगलेली दिसली, तळ उचलला गेला किंवा टचपॅड वर आलं, तर तिथेच थांबा. चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकायची नाही. ती कारागिराकडेच काढून घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे जाईल असं बघा.

चहा, पाणी किंवा गळक्या छपराचं पाणी आत गेलं असेल तर चालू करून बघूच नका. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, आतला क्षार आणि साखर तिथेच राहून तांबं खात राहतात. बोर्डावर हिरवट-पांढरी पूड दिसली, जळका वास आला, एखादा भाग काळा पडलेला दिसला, तरी थांबा. बोर्डावरचं शॉर्ट शोधणं, चार्जिंगची पिन डाखणं, बायोसची चिप परत लिहिणं ही मायक्रोस्कोप आणि सराव असलेल्या माणसाची कामं आहेत. हीट गनने चिप तापवणं किंवा बोर्ड ओव्हनमध्ये ठेवणं हे उपाय व्हिडिओंत फार दिसतात. त्याने काही दिवस चालला तरी परत बसतो, आणि पुढच्या कारागिराला दुरुस्तीची जागा उरत नाही.

कारागीर निवडताना एवढं विचारा: बोर्डावर काम करता की फक्त बोर्ड बदलता? तपासणीचे किती घेता? काढलेला भाग परत देता का? ही उत्तरं सरळ मिळाली नाहीत तर दुसरीकडे जा. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं आहे. त्यावर कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती बघता येते. कंपनीच्या केंद्रात जाण्याआधी ती वाचून जा.

डिस्क काढता येत असेल तर काढून घरी ठेवा आणि लॅपटॉप तसाच द्या. या दोषासाठी कारागिराला डिस्क लागत नाही, पासवर्ड तर नाहीच. आणि सोबत चिठ्ठी द्या: मॉडेलचं पूर्ण नाव, दिवा किती वेळा लुकलुकला, टीव्हीवर चित्र आलं की नाही, अडॅप्टरचे व्होल्ट किती आले, रॅमची कोणती पट्टी कोणत्या स्लॉटात घालून पाहिली, आणि पाणी गेलं असेल तर तेही. अशी चिठ्ठी हातात असली की मी थेट बोर्डापासून सुरुवात करतो, आणि तपासणीचे तेवढे पैसे तुमचे वाचतात.